वरच्यांचा आवाज, बाथरूमची ओल, गेटसमोर परक्यांच्या गाड्या: घर विकून जावं का? (ठाणे)

वर्तकनगर_दुसरा_मजला

ठाण्यात वर्तकनगरला स्वतःचा वन बीएचके आहे. चार मजली इमारत, आम्ही दुसऱ्यावर, वय साधारण २० वर्षं, सोसायटी रजिस्टर्ड, कर्ज फिटलेलं. तक्रारी एकेक घेतल्या तर किरकोळ आहेत, पण सगळ्या रोजच्या. वरच्या घरात रात्री अकरानंतर खुर्च्या ओढतात आणि पहाटे साडेपाचला मिक्सर सुरू होतो. आमच्या बाथरूमच्या छताला ओल, पोपडे पडतात. वरचे म्हणतात, आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे. शेजारच्या एसीचं पाणी आमच्या खिडकीवरच्या पत्र्यावर रात्रभर टपटप. जिन्यात चपलांचे रॅक. गेटसमोर बाजारहाटाला येणाऱ्यांच्या गाड्या. शिवाय बी विंगची पार्सलं आणणारी मुलं सारखी आमची बेल दाबतात.

घरात आता विकून घोडबंदरला नाहीतर ऐरोली-घणसोलीला जायचं घाटतंय. यातलं इथंच सुटण्यासारखं काय आणि न सुटणारं काय? आणि जायचंच झालं तर तिकडे हेच पुन्हा पदरात पडू नये म्हणून काय बघायचं? ‘समजुतीने घ्या’ सोडून काहीही सांगा, ते करून झालंय.

कोबा_आणि_ग्राउट

गळती आधी. घर विकायचं ठरलं तरी ओल्या छताखाली उभं राहून गिऱ्हाईक भाव पाडणारच.

ओल केव्हा वाढते ते बघा. दिवसरात्र सारखी असेल तर वरच्यांची दाबाची लाइन, म्हणजे टाकीवरून भिंतीतून येणारा पाइप. त्यांच्या आंघोळी-धुण्यानंतर वाढून मग सुकत असेल तर सांडपाण्याची बाजू: नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखाली सांडपाणी गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भांड्याचा) सांधा, फरशीच्या फटी किंवा कमोडचा सांधा. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतला) पाइप. खर्च कोणाच्या डोक्यावर बसणार ते यावरच ठरतं, म्हणून हे लिहून ठेवा.

मग चाचण्या, याच क्रमाने. (१) वरच्यांच्या बाथरूमचा स्टॉपकॉक, म्हणजे पाण्याची मुख्य चावी, रात्रभर बंद. दाबाची लाइन फुटली असेल तर सकाळी थेंब मंदावलेला दिसतो. खात्री हवी असेल तर प्लंबर त्या लाइनला हातपंप लावून दाब देतो आणि काटा खाली येतो का ते बघतो. (२) फरशी कोरडी ठेवून नुसत्या ट्रॅपमध्ये नळीने रंगीत पाणी सोडायचं, दोन-तीन बादल्या. खाली रंग आला तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. (३) यात काही निघालं नाही तरच ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर इंचभर रंगीत पाणी २४ ते ४८ तास कोंडायचं. आता रंग आला तर फरशीच्या फटी आणि खालचं वॉटरप्रूफिंग. क्रम उलटा केलात तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

या वयाच्या इमारतींत बहुतेक वेळा बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर फरशी. हे भरण पाणी पिऊन बसतं. गळती थांबली तरी खाली आठवडा-दोन आठवडे झिरपत राहतं. ‘दुरुस्ती केली तरी ओल आहेच’ अशी निम्मी भांडणं इथंच सुरू होतात.

दुरुस्तीही स्वस्तापासून सुरू करा. फटींतलं जुनं पांढरं सिमेंट खरवडून एपॉक्सी ग्राउट भरायचं, २४ तास पाणी नाही. त्याने नाही भागलं तर ट्रॅपभोवतीच्या चार-सहा फरशा काढून सांधा नव्याने. शेवटचा उपाय म्हणजे पूर्ण फोडणं: भरण काढून स्लॅब साफ, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर किमान फूटभर चढवलेले, मग पाणी कोंडून चाचणी, आणि ती उतरली तरच कोबा-फरशी. कंत्राटदार घाईत असला की नेमकी ही चाचणी गाळतो.

आणि एक करू नका: तुमच्या छताला खालून वॉटरप्रूफ रंग. पाणी वरच अडतं, सळई गंजून फुगते आणि एक दिवस प्लास्टरसकट खाली येते.

उपविधी_वाचलेत_का

वरच्या उत्तरात भर. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे नमुना नियमावलीनुसार) पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइप आणि बाहेरच्या ड्रेनेज लाइनची गळती यांचा खर्च सोसायटीचा. टॉयलेट, सिंक यांमुळे होणारी घरातली गळती त्या-त्या सभासदाची, म्हणजे इथं वरच्यांची. निदान वादात असेल तर सोसायटीने प्लंबर किंवा इंजिनिअर आणून लेखी अहवाल घ्यावा. आगाऊ सूचना देऊन पाहणीसाठी घरात येऊ देणं सभासदावर बंधनकारक आहे, ‘आमच्याकडे येऊ नका’ चालत नाही.

अर्ज सेक्रेटरीच्या नावाने दोन प्रतींत, एका प्रतीवर पोच आणि तारीख. फोटो जोडा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा वाद म्हणजे अर्ज नव्हे.

लोक हमखास चुकतात ते पुढच्या दारावर. गळती आणि पार्किंगचे वाद घेऊन सगळे सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे धावतात आणि महिने घालवून रिकाम्या हाताने परततात. सभासद-सोसायटी किंवा सभासद-सभासद यांच्यातले दुरुस्ती, गळती, पार्किंगचे वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. कागदपत्रं न देणं, सभा न घेणं, हिशेब न दाखवणं ही उपनिबंधकाची कामं. शिवीगाळ, धमकी, मारामारी पोलिसांकडे. अनधिकृत बांधकाम महापालिकेकडे. न्यायालयाच्या नोटिशीला वेळ लागतो, पण वकिलाचं साधं पत्र गेलं तरी बऱ्याच वरच्या मजल्यांना आपलं बाथरूम ओलं असल्याचं आठवतं.

एसी: पाणी दुसऱ्याच्या पत्र्यावर सोडायचा हक्क कोणालाच नाही. पाऊण इंची पीव्हीसी पाइप जोडून डक्टमधल्या ड्रेनला किंवा पावसाळी पाइपाला सोडला की विषय संपतो, काही शे रुपयांचं काम. सोसायटीने एकाच सर्क्युलरमध्ये सगळ्यांना सांगावं. एकट्याला सांगितलं की मानापमान आड येतो. तोवर पत्र्यावर कृत्रिम गवताचा तुकडा तारेने बांधा, टपटप बसते. गोणपाट नको, पावसात कुजतं.

चपलांचे रॅक: जिना आणि पॅसेज ही आगीच्या वेळची बाहेर पडायची वाट आहे. ‘अस्वच्छ दिसतं’ म्हणून नका लिहू, ‘सुटकेचा मार्ग अडतो’ म्हणून लिहा.

गेट: ‘टायरची हवा काढली जाईल’ या पाटीला काही अर्थ नाही, उलट हवा काढणाऱ्यावरच तक्रार होते. रस्ता महापालिकेचा आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर वाहतूक शाखेकडे गेटसमोर नो पार्किंग मागा, गेटची रुंदी आणि फोटो जोडा. आत गाडी अडकलीच असेल तर थेट वाहतूक पोलिसांना फोन.

पार्सलवाले: जिन्याच्या तोंडाशी फूटभर उंचीचं ‘ए’ आणि ‘बी’ रंगवा. नकाशावर सोसायटीची खूण बहुधा तुमच्या विंगवर पडलेली असणार. ती गेटवर सरकवायची दुरुस्ती कोणीही सुचवू शकतं.

डेसिबल

आवाजाचं सगळ्यात अवघड, म्हणून खोटी आशा नको.

खुर्चीचा आवाज हवेतून येत नाही, स्लॅबमधून येतो. त्याला खालून अडवणं जवळजवळ अशक्य. पीओपी सीलिंग करून घेणारे पस्तावतात, कारण ते सळ्यांनी स्लॅबलाच टांगलेलं असतं आणि मधली पोकळी कधीकधी ढोलकीसारखी घुमते. खरंच अडवायचं तर रबराचे हँगर, ५० मिमी रॉकवूल आणि जिप्समचे दोन थर लागतात, पाच-सहा इंच उंची जाते, तरीही भिंतीतून येणारा वाटा राहतोच. वन बीएचकेत हा खर्च करू नका.

उपाय उगमापाशी. खुर्च्यांच्या पायांना ५ मिमी फेल्टचे गोल तुकडे, लोखंडी पाय असतील तर रबरी बूच. स्वतः विकत घेऊन वर नेऊन द्या, तक्रारीपेक्षा लवकर लागतात. फेल्टमध्ये केस-धूळ अडकून काही महिन्यांत ते निकामी होतात, हेही तेव्हाच सांगा, नाहीतर दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. मिक्सरखाली जाड रबरी मॅट हवी, आणि मिक्सर भिंतीला टेकलेला नको. ओट्याची कडप्पा-ग्रॅनाइटची लादी भिंतीत घुसवलेली असते, थरथर तिथूनच खाली उतरते.

कायदा: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. खाजगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. रात्री दहानंतर स्पीकर वाजत असेल तर ११२ ला फोन करा. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ सूट देऊ शकतं. त्या दिवशी फोन करून उपयोग नाही. पण खुर्च्या आणि पावलं यात बसवायला गेलात तर पोलीस हात जोडतील. मोबाइलवरच्या अॅपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही. तारीख-वेळेची नोंदवही कमिटीपुढे जास्त कामाला येते.

रस्त्याचा आवाज मात्र हवेतून येतो, तो अडतो. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीत दोन झडपा जुळतात तिथल्या फटीतून तो शिरतो. आधी तिथली झिजलेली ब्रश पट्टी बदला. नवी खिडकी करायचीच तर सरकती नको, बिजागरीची, रबरी गॅस्केटवर घट्ट बसणारी घ्या. काच जाड पण फट तशीच, यात पैसे वाया.

वर्तकनगर_दुसरा_मजला

हे सगळं कामाचं आहे. ओल सकाळी नऊ-दहापर्यंत वाढते आणि रात्रीपर्यंत बरीच सुकते. मधोमध तांबूस ओघळ आहे. सेक्रेटरींचं उत्तर: तुमचं तुम्ही दोघं मिटवा.

कोबा_आणि_ग्राउट

म्हणजे सांडपाण्याची बाजू, बहुधा ट्रॅप. दुसरी चाचणी आधी करा. तांबूस ओघळ म्हणजे सळईपर्यंत पाणी पोचलंय. हातोडीच्या दांड्याने छत वाजवून बघा, पोकळ वाजेल तेवढं प्लास्टर उतरवून घ्यावं लागेल: सळईचा गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर. हे मात्र वरची गळती थांबून छत सुकल्यावरच. स्लॅबचं काम निघालंय हे लिहून द्या सेक्रेटरींना, मग ते ‘दोघांचं’ राहत नाही.

हिशेबनीस

घर बदलण्याचा आकडा कोणी मांडत नाही म्हणून मांडतो. समजा ८० लाखांना विकलं आणि ९५ लाखांचं घेतलं. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ६५ हजार. नोंदणी फी ३० हजार. दलाली दोन्ही व्यवहारांत १-१ टक्का धरली तर पावणेदोन लाख. झाले ८ लाख ७० हजार, आणि यात टेंपो, रंग, पंखे-गीझर, नवीन जाळ्या काहीच नाही. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर शुल्क ६ टक्के, म्हणजे ९५ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली.

घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार. ‘बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी’ मागितली तर ती ऐच्छिकच आहे. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, तो विकणाऱ्याला नंतर करात मिळतो, पण हातात येणारी रक्कम तेवढी कमी धरा. विक्रीतल्या नफ्यावरचा कर टाळायचा तर विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत दुसरं घर घ्यावं लागतं. हे सीएला विचारून मगच टोकन घ्या.

बाथरूम पूर्ण फोडून नव्याने केलं तरी नुसत्या मुद्रांक शुल्काच्या जवळपासही खर्च जात नाही. खुर्च्यांसाठी पावणेनऊ लाख द्यायचे का, एवढाच प्रश्न.

ट्रान्सहार्बरवाला

हिशेब बरोबर आहे, पण मधली वाट राहिली. आपलं घर भाड्याने द्या आणि जिथं जायचं तिथं ११ महिने भाड्याने राहून बघा. खर्च फार नाही: भाडं ३० हजार आणि परत मिळणारं डिपॉझिट १ लाख धरलं तर मुद्रांक ०.२५ टक्क्याने साडेआठशेच्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी १ हजार, दलाली बहुतेक एका महिन्याचं भाडं. करार नोंदवणं ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, तुमच्या घराला ती तुमची. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची, सोसायटीला कराराची प्रत द्यायची. ना-वापर शुल्क (घर भाड्याने दिलं की सोसायटी मालकाकडून घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. एक मात्र आहे: गळती न काढता भाड्याने दिलंत तर ही कटकट फोनवरून झेलावी लागेल.

आता बघायचं काय. घोडबंदर म्हणजे अवजड वाहनं. गर्दीच्या वेळी त्यांना बंदी, म्हणून ती रात्री धावतात. हायवेकडे तोंड असलेली बेडरूम दुपारी बघून काहीच कळत नाही. कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत मेट्रो ४ चा मार्गही त्याच रस्त्यावरून आहे, तेव्हा आतल्या बाजूचं घर बघा. पाणी: सोसायटीच्या वार्षिक हिशेबात ‘टँकर’ ही ओळ शोधा, एप्रिल-मेची बिलं वेगळी मागा. एजंट ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतो, तो या ‘टँकर’च्या ओळीबद्दल बोलत नाही.

नवी मुंबईत महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, पाण्याची बाजू भक्कम. पण कोपरखैरणे, घणसोली, रबाळे पट्ट्याला ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या एमआयडीसीचा वास येतो. तो मध्यरात्रीनंतर आणि थंडीत जास्त, कारण थंड हवा जमिनीलगत बसते आणि वायू वर जात नाहीत. मे महिन्यात घर बघणाऱ्याला तो कळणारच नाही. रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा, त्याला घर विकायचं नसतं.

तिथली बरीचशी जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावर. विक्रीला सिडकोची ना-हरकत आणि हस्तांतरण फी लागते; सिडकोच्या दप्तरी आधीच्या मालकाचं नाव चढलंय का ते बघा, नाहीतर दोन हस्तांतरणांची फी तुमच्या गळ्यात. गावठाणालगतच्या स्वस्त चार-पाच मजली इमारतींत भोगवटा प्रमाणपत्र नसतं. बँक कर्ज देत नाही हा इशारा पुरेसा आहे.

कुठलंही घर तीनदा बघा: कामाच्या दिवशी सकाळी सात-आठला, रात्री साडेदहाला आणि रविवारी दुपारी. जमलं तर भर पावसातही. सकाळी शेवटच्या मजल्याचा नळ सोडून बघा आणि लिफ्ट मोजा. पंपाची खोली, लिफ्टची भिंत, जनरेटर यांपैकी काही बेडरूमला लागून नको. बाथरूमला नुकतंच केलेलं पीव्हीसी सीलिंग दिसलं तर एक पट्टी सरकवून वर टॉर्च मारा. शेजारी मोकळा प्लॉट किंवा जुनी इमारत असेल तर पुनर्विकासाची चौकशी करा. वाशी-नेरूळच्या जुन्या सेक्टरांत हे फार आहे, ब्रेकरचा आवाज वर्षानुवर्षं चालतो. १५ वर्षांवरच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, तो अहवाल मागा. पार्किंग ‘विकत’ देतो म्हणाले तर २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा: स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधलं) आणि उघडं पार्किंग बिल्डर विकू शकत नाही, वाटप सोसायटी करते. विकणाऱ्याच्या शब्दावर नको, वाटपाचं पत्र बघा.

आणि नोटीस बोर्ड वाचा. तिथं ‘वरून कचरा टाकू नये’ तीनदा लिहिलेलं असेल तर कोणीतरी टाकतंय.

वर्तकनगर_दुसरा_मजला

ठरलं. आधी ट्रॅपची चाचणी, सोबत अर्ज पोच घेऊन. विकायचं तूर्त बाजूला, थंडीत घणसोलीला भाड्याचं बघू. फेल्टची पाकिटं मागवली. रंग कुठला वापरू? घरात खायचा लाल आहे.

कोबा_आणि_ग्राउट

लाल नको, तुमच्या छतावर आधीच गंजाचा तांबूस ओघळ आहे, फरक कळणार नाही. हिरवा किंवा निळा घ्या, बादलीत चांगला गडद करा. पाणी ओतायच्या आधी ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला आणि फोटो काढा. वरच्यांची फरशी पांढरी असेल तर ट्रॅपभोवती प्लास्टिक अंथरा, डाग पडला तर नवीन भांडण.